दंडाची रक्कम वाढवून भागेल का?

हार्नेस रेसिंग म्हणजे घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी (सल्की) जोडून, तिच्यात बसलेल्या ड्रायव्हरने हाकायची शर्यत. नियम मोडणाऱ्या ड्रायव्हरांचा दंड दुप्पट केला की ते सरळ येतील, असं काहीजण म्हणतात. मला पटत नाही. अमेरिकेत ड्रायव्हरला घोड्याच्या बक्षिसातले साधारण ५ टक्के मिळतात. हॅम्बलटोनियन ही तिथली मोठी शर्यत, १० लाख डॉलर बक्षिसाची. विजेत्याला त्यातली निम्मी रक्कम, म्हणजे ड्रायव्हरचे २५,००० डॉलर. पुढे काहीशे डॉलर दंड दिसत असेल तर माणूस तो खर्चात धरूनच गाडी घुसवणार.

खरा चाप बसतो तो घोड्याचा क्रमांक खाली ढकलल्यावर. २०१७ च्या हॅम्बलटोनियनमध्ये 'व्हॉट द हिल' पहिला आला, पण दुसऱ्या घोड्याला अडथळा केल्याबद्दल त्याला खाली टाकलं आणि 'परफेक्ट स्पिरिट' विजेता ठरला. मालकाला किती लागलं असेल! पण ज्याची चाल बिघडली त्या घोड्याचाही विचार करा. सल्कीची चाकं त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर असतात. या शर्यतीत घोड्याने ठरलेल्या चालीतच पळायचं असतं, दौडायचं नसतं. तो बिचकून दौडीत गेला की ड्रायव्हरला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावं लागतं, तोवर बाकीचे निघून गेलेले असतात.

घोड्याला चाबकाने जास्त मारण्याचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे ड्रायव्हरचं निलंबनच हवं, तेही मोठ्या शर्यतींच्या दिवसांत लागू होणारं. अपील करून बंदी आपल्या सोयीच्या रिकाम्या आठवड्यात ढकलायची मुभा असेल, तर घोड्याला त्या नियमाचा उपयोग काय?