छातीच्या नळीतून दुधासारखा द्रव : पू नाही, तर काय?

नौपाडाकर
नमस्कार. माझ्या वडिलांवर ठाण्यातील एका रुग्णालयात अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. छातीत बसवलेल्या नळीतून आधी तांबूस पाणी येत होते. पोटातील नळीवाटे दूध आणि पातळ आहार सुरू होताच तेच पाणी पांढरे झाले. डॉक्टरांनी ‘काइल लीक’ असे निदान करून तेल, तूप आणि दूध पूर्ण बंद केले आहे. खाल्लेल्या तुपाचा छातीशी काय संबंध? शिवाय, काकू गावाहून आणलेले घाण्याचे खोबरेल द्यायला सांगत आहेत. ते चालेल का?

वाशीकर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)
आहारातील बहुतांश चरबी आतड्यातून थेट रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या पेशी तिचे कायलोमायक्रॉन नावाचे सूक्ष्म कण बनवतात, ते आतड्याच्या लसीकावाहिन्यांत (लसीका म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत) शिरतात आणि त्यांनी पांढरी झालेली लसीका म्हणजेच काइल. ही लसीका पोटाच्या मागील बाजूने वर चढून थोरॅसिक डक्ट या बारीक वाहिनीतून, अन्ननलिकेला जवळजवळ खेटून, मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या शिरांच्या संगमापाशी रक्तात मिसळते. अन्ननलिका काढताना या वाहिनीला इजा होणे ही सर्वांना ठाऊक असलेली गुंतागुंत आहे, म्हणून लगेच कुणाच्या हलगर्जीपणाचा निष्कर्ष काढू नये.

छातीतील द्रवात ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निदान बहुधा पक्के होते. ५० ते ११० च्या दरम्यान असेल तर कायलोमायक्रॉन शोधावे लागतात. या द्रवात जंतुसंसर्ग सहसा होत नाही. खरी चिंता रंगाची नसून नुकसानीची आहे, कारण दिवसाला दोन लिटरच्या आसपास वाहू शकणाऱ्या या द्रवाबरोबर प्रथिने, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे आणि लिम्फोसाइट पेशीही निघून जातात, आणि आधीच खंगलेला रुग्ण थोड्याच दिवसांत अधिक अशक्त होऊन त्याची प्रतिकारशक्ती घटते.

ऐरोलीची आहारतज्ज्ञ
खोबरेल नको. मध्यम लांबीच्या साखळीची, म्हणजे ८ ते १० कार्बनची मेदाम्ले यकृताकडील शिरेतून थेट रक्तात जातात, त्यामुळे त्यांच्यापासून बनवलेले एमसीटी तेल दिले जाते. खोबरेलात मात्र जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते, त्यात १२ कार्बन असतात आणि त्याचा बराच भाग लसीकेतूनच जातो. नळीवाटे आहार सुरू असेपर्यंत रुग्णालयाने दिलेली एमसीटीयुक्त पावडर वापरावी. तोंडाने खाणे सुरू झाल्यावर भाताची पेज, बिनफोडणीचे वरण, अंड्याचा पांढरा भाग हे पदार्थ उपयोगी पडतात. ‘चमचाभर तुपाने काय होते’ हा घरातला आग्रह मात्र नक्की आवरावा. एमसीटीमध्ये आवश्यक मेदाम्ले नसतात, त्यामुळे हा आहार लांबला तर त्यांची सोय डॉक्टरांकडून वेगळी करून घ्यावी लागते.

कोपरीचा वाचक
थोडी पूरक माहिती. गास्पारे असेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला १६२२ मध्ये नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. उपाशी प्राण्यात त्या दिसत नाहीत. त्या यकृताकडे जात असाव्यात असा त्याचा समज होता, तो झाँ पेके या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १६५१ मध्ये खोडून काढला.

नौपाडाकर
सर्वांचे आभार. कालपासून द्रव पुन्हा पिवळसर झाला आहे. याचा अर्थ गळती थांबली का?

वाशीकर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)
रंगावरून तसे म्हणता येणार नाही. वर सांगितलेल्या उपाशी प्राण्याप्रमाणेच, चरबी बंद झाली की गळती सुरू असूनही द्रव स्वच्छ दिसतो. रोजचे प्रमाण मिलिलिटरमध्ये किती आहे, हे विचारा. ते घटत असेल तर वाट पाहणे योग्य. दिवसाला लिटरभर किंवा त्याहून अधिक येतच राहिले, तर तोंडावाटे व नळीवाटे सर्व आहार थांबवून शिरेतून पोषण आणि ऑक्ट्रिओटाइड (काइलचे प्रमाण कमी करण्यासाठीचे औषध), आणि तरीही उपयोग झाला नाही तर वाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (क्ष-किरण प्रतिमांच्या साहाय्याने उपचार करणाऱ्या) विभागातील तज्ज्ञांकडून ती आतून बंद करण्याची प्रक्रिया, असा विचार होतो. प्रमाण अगदी कमी झाल्यावर अनेक ठिकाणी मुद्दाम चरबीयुक्त आहार देऊन पाहतात, आणि त्यानंतरही द्रव पांढरा झाला नाही व वाढला नाही, तरच नळी काढतात.