सिक्वेलमधली कॉलेजनिवड सांगलीत घडतेय असं वाटत नाहीये, काय चुकतंय?

हळदगल्ली:
माझ्या सिनेमाचा पहिला भाग ज्युनिअर कॉलेजच्या गॅदरिंगला संपतो. ओंकार बारावीत, मुक्ता अकरावीत, दोघांचं जुळतं आणि मुक्ताची बालमैत्रीण सिद्धी रुसवा सोडते. आता दुसऱ्या भागाची पटकथा चालू आहे. वर्ष उलटलंय, ओंकार पुण्यात सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. मुक्ताने सिद्धीला आठवीतच शब्द दिलाय की इंजिनिअरिंग करायचं तर दोघींनी सांगलीतल्या वालचंद कॉलेजलाच. परदेशी टीन सिनेमांत नायिकेच्या हातात दोन कॉलेजांची होकाराची पत्रं असतात आणि ती एक निवडते, तसा प्रसंग लिहिलाय. वाचणारे म्हणतात, हे सांगलीच्या विश्रामबागेत घडत नाही. शिवाय मसुदा १३२ पानांवर गेलाय, शेवटी स्टेशनवरची धावाधाव आहे आणि मध्ये पुण्यातली एक तिसरी मुलगी. नक्की कुठे हात घालू?

पसंतीक्रमांक१:
दोन पत्रांचा प्रसंग काढूनच टाका. अमेरिकेत प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर येतं, म्हणून एकाच वेळी दोन होकार हातात असू शकतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगला राज्यभर एकच कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. एका फेरीत एका मुलीला एकच जागा लागते, नाहीतर लागतच नाही. म्हणजे ‘वालचंद की सीओईपी’ हे जागा लागल्यावर ठरत नसतं, ते ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी, भरतानाच ठरून गेलेलं असतं. तुमचा सिनेमा त्या यादीच्या पहिल्या दोन ओळींत आहे: वर कोण, खाली कोण.

२०२५ च्या प्रवेशात आलेला नियम तर पटकथेसाठी सोन्यासारखा आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना लागू, तिसऱ्यात पहिल्या सहांना. त्याखालचं काही लागलं तर जागा धरून बेटरमेंटला, म्हणजे वरची पसंती मिळवायला पुढच्या फेरीत, जाता येतं. मात्र पुढच्या फेरीत वरचं लागलं की हातातली जागा गेली, ती परत मागता येत नाही.

आता हे गोष्टीत बसवा. मुक्ता सिद्धीला सांगते, “वालचंद कॉम्प्युटर एक नंबरला टाकलंय.” प्रत्यक्षात एक नंबरला सीओईपीचं ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) आहे, वालचंद दोनला. पहिल्या फेरीत दोघींना वालचंद कॉम्प्युटर लागतं. सिद्धीची पहिली पसंती तीच, त्यामुळे तिची जागा फ्रीझ. दोघी भडंग खात आनंद साजरा करतात आणि त्याच रात्री मुक्ता गुपचूप बेटरमेंट निवडते. दुसऱ्या फेरीत सीओईपी लागतं. मुक्ता म्हणते, “मलाच कळेना कसं झालं.” सिद्धी दोन मिनिटं गप्प बसते आणि म्हणते, “वालचंद एकला असतं तर तू दुसऱ्या फेरीत आलीसच कशी?” खोटं नियमानेच उघडं पडतं. चॅटचा स्क्रीनशॉट नको, कुणी दाराआडून ऐकायला नको.

दोन गोष्टी सांभाळा. मुक्ताचा पर्सेंटाइल हवेत ठरवू नका. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय कट-ऑफच्या याद्या असतात. त्यांतून वालचंद कॉम्प्युटर पहिल्या फेरीत मिळेल आणि सीओईपीची ती ब्रँच थोडक्यात हुकेल असा, मुक्ताच्या प्रवर्गाचा आकडा शोधा, आणि ईएनटीसीचा मेळ बसला नाही तर ब्रँच बदला. इथला प्रेक्षक हे आकडे पाठ असलेला आहे. दुसरं, कॅफेत बसून फॉर्म भरताना पासवर्ड मैत्रिणीला माहीत असणं खरं वाटतं, पण सिद्धीने तिच्या लॉगिनमध्ये जाऊन क्रम बदलला असं दाखवू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यानंतर प्रेक्षक सिद्धीला कधीच माफ करणार नाही.

मुक्ताच्या घरचा विरोध फीवरून असेल तर तेही तपासा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुक्ता यात बसत असेल तर बाबा फीबद्दल बोलणार नाहीत. ते होस्टेल, मेस आणि “रात्रीची एकटी येणार-जाणार कशी” याबद्दल बोलतील.

दुसरा_खर्डा:
वरचं कॅपचं गणित घेतलंत तर तिसरी मुलगी आपोआप गळते, आणि ती गळायलाच हवी. सिक्वेल सगळ्यात जास्त फसतो तो इथे: पहिल्या भागात जुळलेली जोडी तोडायची कशी हे सुचत नाही, म्हणून एक देखणं माणूस आणून गैरसमज करतात. पहिल्या भागात सिद्धीच्या रुसव्याचं कारणही गैरसमजच होतं ना? मग प्रेक्षक तेच दुसऱ्यांदा बघणार.

ओंकारला काम द्या. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात असते, तालमी महिनाभर आधीपासून चालतात आणि तालमीत फोन पिशवीत. कॅपच्या फेऱ्याही जुलै-ऑगस्टमध्येच. म्हणजे मुक्ताला बेटरमेंटबद्दल बोलायचं असतं त्याच रात्री ओंकार रंगमंचावर खुर्च्या मांडत असतो. त्याची चूक नाही, तिचीही नाही. अशा भांडणात प्रेक्षक दोघांच्या बाजूने उभा राहतो.

पानांचं म्हणाल तर एक पान म्हणजे ढोबळ एक मिनिट. ११० च्या वर जाऊ नका. सध्याचे बहुतेक सीन पाच-सहा पानांचे असतील, या प्रकारात दोन-अडीच पुरतात. फॉर्म भरण्याचा सीन २० ते २५ व्या पानाच्या दरम्यान, पहिल्या फेरीचा निकाल चाळिशीत, सिद्धीचा तो प्रश्न बरोब्बर मध्यावर. त्याच्या आधी जोडीत भांडण नको. पहिल्या वीस पानांत ती दोघं खूश दिसली नाहीत तर पुढे काय तुटतंय हे कळतच नाही.

आणि सिद्धीला स्वतःची इच्छा द्या. “मैत्रिणीने सोबत राहावं” ही इच्छा दुसऱ्याच्या निर्णयावर टांगलेली असते. सिद्धीला सांगलीतच का राहायचंय? मार्केट यार्डातली घरची हळदीची अडत, घरी आजी, काहीही, पण ते मुक्तावाचूनही खरं असायला हवं. नाहीतर उत्तरार्धात तिला रडण्यापलीकडे काम उरत नाही.

आयर्विनकाठ:
जागांबद्दल. सांगली-पुणे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, एसटीने पाचेक तास. पुण्याला शिकणारी पोरं शनिवार-रविवार जोडून घरी येतात. त्यामुळे समुद्रापलीकडच्या विरहाचे संवाद इथे लटके वाटतील. इथला विरह वेळेचा आहे: त्याला सुट्टी तेव्हा तिची सबमिशन.

कॅपच्या फेऱ्या आणि कृष्णेचं पाणी एकाच वेळी चढतं, हे वापरा. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. जुलैअखेर सांगलीत माणसं भेटली की पहिलं विचारतात, “पाणी किती?” हा प्रश्न दोन-तीन सीनमध्ये सहज टाका. पण पाणी चाळीसच्या आत ठेवा. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं होतं. तसा पूर दाखवलात तर कॉलेज आणि प्रेम दोन्ही क्षुल्लक वाटेल, आणि ज्यांची घरं बुडाली त्यांच्यावरही अन्याय होईल.

घाटावरचे सीन पावसाळ्यात सलग उरकून घ्या. रात्रीत पाणी दोन-चार फूट चढलं की काल मुक्ता बसलेली पायरी आज गायब, मग एकाच सीनचे दोन शॉट जुळत नाहीत. पायरी निवडताना वरची निवडा, रोज सकाळी तिचा फोटो काढून ठेवा. भिजण्याचे कपडे प्रत्येक पात्राचे किमान तीन जोड हवेत.

शेवट स्टेशनऐवजी सांगलीच्या संस्थान गणपतीच्या पाचव्या दिवशीच्या विसर्जनात घ्या. पुण्यातून पोरं त्या दिवसासाठी येतातच, त्यामुळे ओंकार का आला हे सांगावं लागत नाही. खऱ्या मिरवणुकीत फक्त लांबचे शॉट मिळतील, तेही आधी पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी घेऊन. ढोल-ताशात संवाद रेकॉर्ड होत नाही. जवळचे शॉट दुसऱ्या दिवशी शंभरेक माणसं घेऊन बाजूच्या बोळात करा आणि मिरवणुकीचा नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून खाली घाला.

हळदगल्ली:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिद्धीचा प्रश्न ६१ व्या पानावर बसवतोय, तिसरी मुलगी काढली. तेवढ्याने १७ पानं गेली. पण धावाधाव गेल्यामुळे तिसरा अंक सपाट झालाय. कुठेतरी घड्याळ हवंय, म्हणजे वेळ संपत आल्याचा ताण.

पसंतीक्रमांक१:
घड्याळ शेवटी नको, आधी हवं. सिद्धी ओबीसी प्रवर्गातली असेल तर तिचं नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, नवीन काढायला सेतू केंद्रातला अर्ज अडकलेला, आणि कागदपत्रं तपासून घ्यायची शेवटची तारीख समोर. ते वेळेत लागलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि तिचं वालचंद कॉम्प्युटर हातचं जातं. त्या दिवशी मुक्ता तिला घेऊन तहसील, सेतू, सुविधा केंद्र अशी स्कूटरवरून पावसात फिरते. विनोदाला भरपूर जागा: झेरॉक्सची रांग, बंद पडलेला सर्व्हर, उतारा घरी विसरलेला. हे फॉर्म भरण्याच्या आधी येतं, म्हणजे जी जागा मिळवून द्यायला मुक्ता दिवसभर पळाली, तीच पुढे दोघींमध्ये येते. तिसऱ्या अंकात मग पळावं लागणार नाही. तिथे सिद्धीने एकटीने वर्गात पहिल्या दिवशी बसणं पुरेसं आहे.

दुसरा_खर्डा:
सहमत. आणखी एक, सेन्सॉरसाठी पात्रांची वयं आत्ताच पक्की करा. बारावीनंतरची पात्रं सतरा-अठराच्या सीमेवर असतात. मुक्ताचा अठरावा वाढदिवस पटकथेत एका वाक्यात येऊ द्या आणि जवळिकीचे सीन त्यानंतरच ठेवा, तेही साधे. यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा दर्जा, आता ७+, १३+ आणि १६+ असा विभागलाय. तुमचा प्रेक्षक नववी-दहावीचाही आहे, तेव्हा १३+ धरून लिहा. होस्टेलमधली दारूची पार्टी त्यासाठी काढावी लागली तरी काढा, तिथे मेसच्या डब्यावरून भांडण जास्त रंगेल.

हळदगल्ली:
पार्टी ४ पानांची होती, काढली. आता १११.