अनुभव धागा: नाशिकहून परदेशी जाताना विमानाचे अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना आमच्या थेट विमानाला जवळजवळ १६ तास लागले आणि परतताना साडेचौदा, कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे येताना विमानाच्या पाठीशी असतात. प्रवास मात्र इंदिरानगरच्या घरापासूनच सुरू झाला होता. कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी गृहीत धरून आम्ही उड्डाणाच्या नऊ तास आधी निघालो, आणि त्यांतला एकही तास वाया गेला असे मला वाटत नाही. वडीलधाऱ्यांना एकटे पाठवताना केवळ तिकिटावरची वेळ पाहून भागत नाही, म्हणून आपापले अनुभव तपशिलाने लिहावेत, ही विनंती.

गंगापूर रोड

आईला घेऊन मी दुबईमार्गे न्यूयॉर्कला गेलो. मुंबई ते दुबई सुमारे १,९०० आणि तिथून पुढे ११,००० किलोमीटर, म्हणजे थेट मार्गापेक्षा अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढते. तिकीट घेताना मी एवढाच हिशेब केला आणि तो चुकला. दुसऱ्या विमानासाठी सात तास थांबावे लागले, तेवढ्यात आईचे पाय सुजले, आणि चाकाची खुर्ची आधी नोंदवली नसल्याने ती मिळवण्यासाठी मला बरीच धावपळ करावी लागली. खुर्ची तिकिटाबरोबरच नोंदवावी.

नाशिक रोड

मी अनेक वर्षे भूगोल शिकवला. विमान अमेरिकेला जाताना इतके उत्तरेला का वळते, असे नातवाने विचारले तेव्हा मी पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला. तो फिनलंड आणि आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी गेला. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट गोलावर सर्वांत जवळची असते. प्रत्यक्षात वारे आणि बंद असलेली हवाई हद्द यांमुळे विमानांना ती अनेकदा सोडावी लागते.

ओझर

आमच्या गावच्या विमानतळावरून दिल्ली आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को, असा माझा प्रवास झाला. विमान पश्चिमेकडे निघेल अशी माझी समजूत होती, पण समोरच्या पडद्यावर ते पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून जाताना दिसले. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हा मार्ग प्रथम वापरला, तेव्हा सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर साडेचौदा तासांत कापले गेले. अटलांटिकवरून जाणारा मार्ग याहून सुमारे १,४०० किलोमीटरने कमी असूनही त्याला अधिक वेळ लागत असे, कारण तिकडे तेच वारे समोरून येतात.

पंचवटी

मला मधुमेह आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, त्यामुळे जेवणाच्या आणि औषधाच्या वेळांचा माझा फार गोंधळ झाला. पुढच्या खेपेस निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घेतले आणि विमानात हातातले घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले.