बीबीसी टूच्या एकाच दिवसात इतके वेगवेगळे कार्यक्रम : ठरवून की जमेल तसे?

पत्रिकावाचक :

नमस्कार. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाच्या १९२३ ते २००९ या काळातील अंकांमधल्या बीबीसीच्या कार्यक्रमपत्रिका ‘जीनोम’ या नावाने सर्वांसाठी खुल्या झालेल्या आहेत, आणि गेले काही आठवडे रात्रीचे जेवण झाले की मी त्या चाळत बसतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची बीबीसी टू या ब्रिटनमधील दूरचित्रवाणी वाहिनीची पाने वाचताना मला एक प्रश्न पडला आहे. भल्या सकाळी मुक्त विद्यापीठाचे व्याख्यान, अकराच्या सुमारास चिमुकल्यांसाठी ‘प्ले स्कूल’, दुपारचा बराच वेळ रिकामा, एप्रिल महिना असेल तर शेफील्डहून तासन्‌तास स्नूकर, मग कधी बागकाम, कधी नाटक, कधी परदेशी चित्रपट, आणि झोपण्यापूर्वी ‘न्यूजनाइट’ हा बातम्यांचा कार्यक्रम. हे सर्व एकाच वाहिनीवर आणि एकाही जाहिरातीविना! बातम्यांची वाहिनी वेगळी, मालिकांची वेगळी, खेळांची वेगळी, अशी सवय झालेल्या माझ्यासारख्याला ही भेळच वाटते. हा मेळ कोणी विचारपूर्वक घातला होता, की हाती येईल ते भरले जात होते?

जुनी अँटेना :

आपला प्रश्न रास्त आहे, परंतु गंमत अशी की आरंभी बीबीसी टूने नेमके उलटे करून पाहिले होते.

ही वाहिनी २० एप्रिल १९६४ रोजी सुरू व्हायची होती. त्या संध्याकाळी बॅटरसी वीजकेंद्रात आग लागून पश्चिम लंडनचा वीजपुरवठा खंडित झाला, बीबीसीचे टेलिव्हिजन सेंटर अंधारात बुडाले, आणि ठरलेला संगीतिकेचा व आतषबाजीचा थाट तसाच राहिला. अलेक्झांड्रा पॅलेस येथील बीबीसीच्या दुसऱ्या केंद्रातून कशाबशा बातम्या दिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ‘प्ले स्कूल’ वेळेवर सुरू झाले. म्हणजे मोठ्यांसाठी गाजावाजा करून आणलेल्या वाहिनीचा नारळ प्रत्यक्षात लहान मुलांच्या कार्यक्रमाने फुटला. संध्याकाळी निवेदकाने मेणबत्ती फुंकून प्रक्षेपणाला प्रारंभ केला, ही त्यातल्या त्यात बरी कोटी.

आता मुद्द्याकडे येतो. वाहिनीचे पहिले नियंत्रक, म्हणजे प्रमुख, मायकेल पीकॉक यांनी ‘आठवड्याचे सात चेहरे’ अशी योजना आखली होती. प्रत्येक संध्याकाळ एकाच प्रकाराला वाहिलेली असे : एक शिक्षणाची, एक नाटकाची, एक पुनःप्रक्षेपणाची, आणि अशाच इतर. कागदावर ती नीटनेटकी दिसते, पण ज्याला नाटक आवडत नाही त्याने त्या संध्याकाळी ही वाहिनी लावायचीच कशाला? त्यात ही वाहिनी ६२५ रेषांच्या नव्या पद्धतीची असल्याने तिच्यासाठी नवा संच आणि छपरावर नवी अँटेना लागत असे, आणि पहिले काही महिने ती लंडनच्या आसपासच दिसत असे. एवढा खर्च करून आठवड्यातील एकच संध्याकाळ आपली, हे कोणाला रुचणार? योजना लवकरच गुंडाळली गेली.

१९६५ मध्ये डेव्हिड ॲटनबरो नियंत्रक झाले. वन्यजीवांच्या चित्रणामुळे आज सारे जग त्यांना ओळखते, पण हे कार्यालयीन काम त्यांनी १९६९ पर्यंत केले, आणि आपण ज्याला भेळ म्हणता ती मुख्यतः त्यांच्या काळात मुरली. बीबीसी वनवर जे चालू असेल त्याहून वेगळे काही तरी इथे हवे, हे त्यामागचे सूत्र होते. दोन्ही वाहिन्यांवरचे कार्यक्रम काही ठरावीक वेळांना एकदमच सुरू होतील अशी रचना असे, म्हणजे कशाचीही सुरुवात न चुकवता प्रेक्षकाला वाहिनी बदलता येई. म्हणून एका वाहिनीचे पान सुटे वाचून पुरेसा अर्थ लागत नाही. त्याच दिवसाचे बीबीसी वनचे पान शेजारी उघडून पाहावे.

लेस्टरनिवासी :

वरील उत्तरात रंगाचा उल्लेख राहून गेला, तो जोडतो. १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनच्या सामन्यांपासून बीबीसी टूवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याचा परिणाम थेट पत्रिकेवर झाला. रंगीत संच विकणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर दिवसाउजेडी दाखवायला रंगीत चित्र हवे, म्हणून एरवी रिकाम्या असलेल्या वेळात खास रंगीत माहितीपट फिरवले जात. स्नूकरही त्याच वाटेने आले. रंगावरच सारा खेळ अवलंबून असलेले आणि एका टेबलापुरते मर्यादित, म्हणून चित्रीकरणास स्वस्त, असे दुसरे काय सापडणार? १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते, त्यामुळे गुलाबी चेंडू हिरव्याच्या शेजारी आहे असे समालोचकाला सांगावे लागले होते. ऐकणाऱ्याला मुळात हिरवा कोणता हे कळले असेल तर शपथ.

मी १९८४ मध्ये विद्यार्थी म्हणून येथे ब्रिटनमध्ये आलो. भाड्याच्या खोलीतील संचाला मागे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात ५० पेन्सचे नाणे सरकवले की संच चालू होई आणि वेळ संपली की पडदा काळा. त्यामुळे पत्रिकेत पेनाने खुणा करूनच आम्ही टीव्ही पाहत असू. २८ एप्रिल १९८५ च्या रात्री डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना पस्तीसपैकी पस्तिसाव्या डावातील शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत लांबला. मध्यरात्र उलटून गेल्यावरही १ कोटी ८५ लाख लोक तो पाहत होते. स्नूकरचा ओ की ठो न कळणारे आम्ही तिघे खिशातली नाणी एकत्र करून त्या पेटीला भरवत होतो. त्या रात्री मी खरे तर त्याच्या आधीचा कार्यक्रम पाहायला बसलो होतो. आपण विचारलेला मेळ प्रेक्षकाच्या बाजूने असा दिसतो.

याच वाहिनीने १९९० मध्ये आपले दूरदर्शनचे ‘महाभारत’ इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवायला घेतले. हस्तिनापूरची द्यूतसभा आटोपली की मागोमाग निवेदक शांतपणे पुढचा अगदीच वेगळा कार्यक्रम जाहीर करी, आणि आम्हाला त्यात काही विचित्रही वाटत नसे.

दुसरी बाजू :

सर्वांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये एकूण तीनच वाहिन्या होत्या आणि चौथी २ नोव्हेंबर १९८२ रोजी आली. पर्यायच नसताना प्रेक्षक ‘अनपेक्षित’ काही पाहत होता यात नवल ते काय? शिवाय लोकांनी काय पाहावे हे लंडनमधील मूठभर सुशिक्षित मंडळी ठरवत, हेही विसरू नये. मुक्त विद्यापीठाची व्याख्याने १९७१ पासून होती. पण भल्या सकाळी नाही तर मध्यरात्री, म्हणजे इतर कोणालाही नको असलेल्या वेळी. २००६ अखेर तीही थांबली. २००२ मध्ये बीबीसी फोर सुरू झाल्यावर कला व विचारप्रधान कार्यक्रमांचा मोठा भाग तिकडे गेला, आणि २०२४ मध्ये ‘न्यूजनाइट’ अर्ध्या तासावर आले. आजची दुपार उघडून पाहा. पुनःप्रक्षेपणेच पुष्कळ सापडतील. बीबीसी ज्यावर चालते ते टीव्हीचे परवाना शुल्क एका घराला एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झाले, तेव्हा त्या पैशांत नवे किती मिळते असे कोणी विचारले तर त्याला अरसिक म्हणता येणार नाही.

लेस्टरनिवासी :

पुनःप्रक्षेपणांविषयी आपण म्हणता ते मान्य. मात्र ते शुल्क सर्वजण भरतात, म्हणूनच मेळ घालणे हा शौक न राहता बंधन होते. बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना संसदेत विचारले जाणारे प्रश्न आजही याच वाहिनीवर थेट दिसतात, आणि सोमवारी रात्री ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा. तेथे आता प्रश्न विचारतात ते कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन. माझी नात त्यातील गणिताचे प्रश्न आले की माझ्याकडे पाहते, आणि मी चहा करायला उठतो.

पत्रिकावाचक :

सर्वांचे मनापासून आभार. ‘जुनी अँटेना’ यांनी सुचवल्याप्रमाणे काल रात्री दोन्ही वाहिन्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली. मी ज्याला भेळ म्हटले होते तिचा अर्धा मसाला दुसऱ्या पानावर होता. पहिल्या वाहिनीवर विनोदी मालिका सुरू होते त्याच मिनिटाला दुसरीवर कोणी तरी गुलाबाची छाटणी शिकवायला उभे राहते, हे एकटे पान वाचून मला कधीच कळले नसते. आता १९६४ च्या त्या सात चेहऱ्यांची पाने शोधायला घेतो.