मदत हवी आहे: चौथीतल्या मुलाचं ‘ब्रेन मॅपिंग’ करावं का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,
लेकाच्या क्लासवाल्यांनी पालकांना बोलावून सांगितलं, मुलांचं ब्रेन मॅपिंग करून घ्या. डावा मेंदू जास्त चालतो की उजवा, पुढे सायन्सला घालायचं की कॉमर्सला, सगळं रिपोर्टात येतं म्हणे. डोक्याला तारांची टोपी घालतात. सासूबाईंचं म्हणणं, "पोरगं माझ्यासमोर वाढलंय, मला विचारा, फुकट सांगते." आमचे हे मात्र रंगीत रिपोर्ट बघून गार.

माझी शंका अशी. नणंदेची मुलगी अमेरिकेत एबीसीडी नावाच्या, मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या अभ्यासात आहे. सुरुवातीला नऊ-दहा वर्षांची असलेली जवळजवळ ११,८८० मुलं, २१ केंद्रं, दर दोन वर्षांनी एमआरआय. हललं की चित्र बिघडतं, म्हणून तिला आधी नकली मशिनमध्ये झोपवून सराव करून घेतला. एवढं करूनही ‘मुलगी अमुक होईल’ असं कोणी लिहून दिलं नाही. मग या टोपीतून कसं कळतं? इंदुरात कोणी केलंय का?

रामबागकर:
ताई, ती टोपी म्हणजे ईईजी. फिट येणाऱ्या पेशंटचा काढतात तोच. मेंदूतल्या विजेच्या लहरी कधी उठल्या ते नेमकं कळतं, कुठून उठल्या ते ढोबळ. रचना बघायची तर एमआरआय, आणि तिथेही गंमत आहे. १९९९ मध्ये जे गीड या अमेरिकेतल्या मेंदू-संशोधकाच्या टीमने तीच मुलं पुन्हापुन्हा स्कॅन केली. कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर, मेंदूच्या पेशींचा थर) वयात येईपर्यंत वाढतं, मग कमी होत जातं. कमी होणं हीसुद्धा वाढच! २०२२ मध्ये लाखावर लोकांच्या १,२३,९८४ स्कॅनवरून उंची-वजनासारखे मेंदूचे तक्ते निघाले. तेही दवाखान्यात वापरायला अजून तयार नाहीत, असं करणाऱ्यांनीच बजावलंय. हे सगळं हजारोंच्या सरासरीचं गणित. त्यातून एका पोराचं करिअर निघत नाही. आणि कुणाचा डावा मेंदू जास्त चालतो, कुणाचा उजवा, ही तर निव्वळ थाप. क्लासवाल्यांना विचारा, रिपोर्टवर सही कुठल्या डॉक्टरची, आणि तुलना कुठल्या वयाच्या, कुठल्या मुलांशी करता?

धागाकर्ती:
शनिवारी मीटिंग आहे, विचारतेच. खरं सांगू? तो अजून अक्षरं उलटसुलट लिहितो, वाचताना ओळ सोडतो. म्हणून मीही जरा भुलले होते.

रामबागकर:
अहो, मग हे आधी सांगायचं! त्याला स्कॅन लागत नाही, टोपीही नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मुलांच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्या. ते समोर बसवून वाचायला-लिहायला लावतात आणि त्यावरून वाचण्या-लिहिण्यात खरंच काही अडचण आहे का ते ठरवतात. जाताना वह्या बरोबर ठेवा, हिंदी-इंग्रजी दोन्ही.