'रिझर्व्ह्ज'ला काय म्हणायचं? शिल्लक, राखीव निधी की गंगाजळी?

वार्षिकांकवाली: आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी बी.कॉम.च्या एका मुलीनं इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या स्टुडंट्स युनियनच्या जमाखर्चावर लेख दिलाय. मेहनत दिसते, पण शब्दांवर मी अडून बसलेय. तिकडे युनियन म्हणजे कायद्यानं चॅरिटी, म्हणजे धर्मादाय संस्था, असते. वर्षाला एक लाख पौंडांच्या वर उत्पन्न असलेल्या युनियनला २०१० पासून चॅरिटी कमिशनकडे नोंदणीच करावी लागते. पैसा येतो तो विद्यापीठाच्या 'ब्लॉक ग्रँट'मधून (एकरकमी अनुदानातून) आणि बार, दुकान, कार्यक्रम यांतून. मुलगी लिहिते, 'धर्मादाय विद्यार्थी संघाकडे मोठी शिल्लक असूनही त्याने सल्ला केंद्राचे तास कमी केले.' वाचणारा म्हणणार, पैसे पडले होते नं, मग कमी काहून केले? मूळ शब्द 'रिझर्व्ह्ज' आहे. मला 'शिल्लक' खटकते, पण का खटकते ते नीट सांगता येत नाही.

धंतोलीचा प्रूफवाला: ताई, आधी ते 'विद्यार्थी संघ' काढा. नागपुरात नुसतं 'संघ' म्हटलं की माणूस रेशीमबागेकडे बघतो. 'संघटना' लिहाल तर पक्षांच्या विद्यार्थी शाखा डोळ्यांपुढे येतात. आपल्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात 'विद्यार्थी परिषद' आहे, पण तिला काही दुकान चालवायचं नसतं. सरळ 'विद्यार्थी युनियन' ठेवा. एस.टी.तल्या कामगारालाही युनियन कळते.

इतवारीवाला: 'धर्मादाय'बद्दल दोन शब्द. आमच्या बाजारात जुने लोक अजून 'धर्मादा' म्हणतात. व्यापारी मालाच्या बिलात गिऱ्हाइकाकडून थोडी रक्कम वेगळी लावून घ्यायचा, ती गोशाळा, पाणपोई, धर्मशाळा यांच्या कामी जायची. तो पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सांगितलं. म्हणजे या शब्दातच 'माझ्या हातात आहे पण माझा नाही' असा अर्थ मुरलेला आहे. युनियनला तो लागू पडतो की. पण वाचकाला आधी देऊळच दिसेल, ही भीती खरी आहे.

हिशेबनीस, महाल: भीती खरी, पण इलाज सोपा. 'सार्वजनिक न्यास' म्हणा. आपल्याकडचा १९५० चा कायदाही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचाच आहे. धर्मादाय फक्त आयुक्तांच्या पाटीवर राहिलं. आता मूळ मुद्दा. मी तीस वर्षं न्यासांचे हिशेब लिहिले, तर ऐका राजेहो.

'शिल्लक' हा रोजकीर्दीचा शब्द आहे. संध्याकाळी पेटी मोजली, हाती अमुक उरले, ती शिल्लक. बँकेत पडलेले ती बँक शिल्लक. त्यात काय काय मिसळलेलं असतं, हे शिल्लक सांगत नाही. कोणी फक्त नाट्यस्पर्धेसाठी दिलेले पैसे त्यात असतात, पुढच्या महिन्याचे पगार असतात, परत करायच्या अनामती असतात. वर्षअखेर खर्चापेक्षा उत्पन्न जास्त झालं तर तो 'वाढावा'. न्यासाच्या कागदात त्याला नफा म्हणू नये. म्हटलं की सभेत एखादा सभासद 'वाटा कुठाय' विचारतोच! हे वाढावे वर्षानुवर्षं साठले आणि त्यातला कोणत्याही एका कामाला न बांधलेला भाग मोकळा राहिला, की ते तुमचे 'रिझर्व्ह्ज'. इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनची व्याख्या हीच आहे: बांधलेला निधी वगळा, इमारती आणि सामान वगळा, मग जे सहज खर्चता येईल ते. तेव्हा बँक शिल्लक डोंगराएवढी आणि रिझर्व्ह्ज चिमूटभर, असं बिनदिक्कत होऊ शकतं. मुलीचं वाक्य तिथे घसरलंय.

धंतोलीचा प्रूफवाला: मग 'राखीव निधी' लिहा, झालं.

हिशेबनीस, महाल: नाही झालं. 'राखीव' ऐकलं की माणूस विचारतो, कोणासाठी? राखीव जागा, राखीव डबा, राखीव जंगल. म्हणजे उलट अर्थ लागतो, अमक्या कामासाठी बांधलेला. तो तर 'रिस्ट्रिक्टेड फंड'. त्याला मी 'नेमून दिलेला निधी' म्हणतो. जुन्या कागदांत 'नेमणूक' म्हणजे ठरवून दिलेला पैसाच. रिझर्व्ह्जला आपल्याकडे तयार शब्द आहे, गंगाजळी. पेपरात रोज येतो, परकीय चलनाची गंगाजळी म्हणून.

वार्षिकांकवाली: काका, गंगाजळी जरा भारदस्त नाही होत? रिझर्व्ह बँकेला शोभतो, पोरांच्या युनियनला?

इतवारीवाला: घरी देवघरात गंगेच्या पाण्याचा, तांब्याचा सीलबंद गडू होता नं? आजी रोज त्यावर फूल वाहायची, पण तहान लागली म्हणून कोणी तो फोडला नाही. तो अगदी शेवटच्या घटकेसाठी. युनियनची गंगाजळीही तशीच. विद्यापीठानं उद्या ब्लॉक ग्रँट कापली किंवा बारचा धंदा बसला, तर नोकरांचे पगार आणि भाडं भागवून दुकान नीट आवरता यावं म्हणून. सल्ला केंद्र चालवायला दर महिन्याला तोच गडू फोडून राहिले तर वर्षात रिकामा.

हिशेबनीस, महाल: वा. फक्त एक फरक मुलीला सांगा. आपल्याकडे प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर न्यासाला साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के खर्च दाखवावा लागतो. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त साठवायचं तर हेतू लिहून द्यावा लागतो आणि तेही पाच वर्षांपर्यंत. म्हणून आपले विश्वस्त गंगाजळी म्हणायलाही बिचकतात. तिकडे उलट, रिझर्व्ह्ज किती आणि का ठेवले, हे वार्षिक अहवालात लिहायचं असतं. १९९४ च्या त्यांच्या शिक्षण कायद्यानुसार युनियनचा आर्थिक अहवाल निदान वर्षातून एकदा विद्यार्थ्यांसाठी खुला करावा लागतो, बाहेरच्या संस्थांना दिलेल्या देणग्यांच्या यादीसकट.

आणि 'ब्लॉक ग्रँट'ला 'ठोक अनुदान'. सरकारी अंदाजपत्रकात 'ठोक तरतूद' असतेच.

वार्षिकांकवाली: वाक्य असं केलंय: 'बँकेत पैसे दिसत असले तरी बरेचसे नेमून दिलेले होते; ठोक अनुदान घटल्यावर गंगाजळीला हात न लावता युनियनने सल्ला केंद्राचे तास कमी केले.' चालेल? आणि शेवटच्या परिच्छेदात तीन युनियनांची तुलना आहे, तिथे मुलीनं 'गंगाजळ्या' लिहिलंय.

धंतोलीचा प्रूफवाला: वाक्य पक्कं. 'गंगाजळ्या' काढा बाप्पा, 'तिघींची गंगाजळी' करा.

इतवारीवाला: आणि युनियन स्त्रीलिंगी झाली, तर लेखात आणखी कुठे 'त्याने' उरलं असेल ते पण बघून घ्या.