बटाट्याचं सूप चिकट का होतं?

प्रश्न: आज रात्री फक्त बटाट्याचं सूप आणि पाव. पण मिक्सरमधून काढलं की डिंकासारखं होतं. काय चुकतंय?

उत्तर: मिक्सरच! पात्यांनी पेशी फुटून स्टार्च सुटतो. रवीने घोटा, थोड्या गुठळ्या राहिल्या तर उलट छान. प्रमाण: ५०० ग्रॅम बटाटे, १ कांदा, ८०० मिली पाणी. कांदा बटरवर मंद आचेवर १० मिनिटं परता, लाल नको. २ सेंमीच्या फोडी १५-१८ मिनिटांत शिजतात. सुरी सहज आरपार जायला हवी.

आणखी एक: दूध शेवटी, १५० मिली, गॅस बारीक करून. खळखळ उकळलं तर फाटू शकतं.

प्रश्नकर्ता: उरलेलं घट्ट होतं, त्याचं?

उत्तर: गार झाल्यावर स्टार्च आळतो. गरम करताना अर्धी वाटी गरम पाणी घाला.